सूत्रधार, सोंगे आणि यंत्र

नवीन पनवेलच्या वसाहती मागे टाकून गाढी नदी ओलांडली की देवद आणि विचुंबे ही लागून असलेली गावे येतात. भातखाचरांच्या जागी आता इमारती आल्या आहेत आणि मूळच्या आगरी वस्तीभोवती महाराष्ट्रभरातून आलेली माणसे राहू लागली आहेत. तरी या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत लग्न निघाले की काही ठिकाणी अजून धवलारीण बोलावतात. भटजीच्या बरोबरीने, कुठे कुठे भटजीऐवजीही, ही जाणती बाई मांडवात बसते आणि धवळे गाते. विधी जसा पुढे सरकतो तसे तिचे गाणे सरकते. जे चालले आहे ते ती सांगते, पुढे काय करायचे तेही तिच्याच तोंडून कळते, आणि देवांनाही ती त्याच सुरात मांडवात बोलावून घेते. अशाच एखाद्या गावातल्या नव्या इमारतीत कोणी तरुण रात्री ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकी खेळ लावून बसला असेल, तर त्याच्या कानातही एका बाईचाच आवाज असतो. ॲमेलिया टायलर ही त्या खेळाची निवेदिका. ती खेळणाऱ्याला थेट ‘तू’ म्हणते, त्याने काय केले ते त्यालाच सांगते आणि मग त्याच्या उत्तराची वाट पाहते. या दोन बायकांची गाठ पडण्याचे काही कारण नाही. दोघींच्या कामाचा इतिहास मात्र लांबचा आहे, आणि तो इतका जुना आहे की आपण तो घराजवळूनच धुंडाळायला लागू.

मराठीतले आज उपलब्ध असलेले जुने धवळे महदाइसेचे. महानुभाव पंथातल्या या कवयित्रीने तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात ते रचले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली, भक्तांनी लुटुपुटीच्या लग्नाचा घाट घातला आणि त्यासाठी गाणी हवी होती. म्हणजे मराठीची आद्य कवयित्री एका सोंगाच्या लग्नाची निवेदिका म्हणून आपल्यासमोर येते, ही गोष्ट मला नेहमी फार गोड वाटत आली आहे. त्याच शतकाच्या अखेरीस, १२९० साली, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. तिच्यात कोण कोणाशी बोलतो ते पाहण्यासारखे आहे. धृतराष्ट्र विचारतो, संजय सांगतो; त्या सांगण्याच्या पोटात अर्जुन विचारतो, कृष्ण उत्तर देतो; आणि या सगळ्यांच्या वर बसून ज्ञानदेव समोरच्या श्रोत्यांशी बोलतात, त्यांची मर्जी राखतात, त्यांच्या मनातली शंका आधीच ओळखून तिचे समाधान करतात. एवढे मजले चढून-उतरूनही श्रोता कुठे हरवत नाही. पुढे कीर्तनकाराने हेच कसब एकट्याच्या अंगावर घेतले. पूर्वरंगात तो निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो, आणि आख्यानातला राजा, राणी, दूत आणि राक्षस एकाच उपरण्याच्या आधाराने तोच होतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक रंगवलेले पान समोर धरून कथा गात आले. चित्र स्थिर, बोलणे हलते. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना पिंगुळी हे नाव पहिल्यांदा कळले.

या सर्वांत सांगणारा एक असतो. बोलणारे अनेक झाले की प्रश्न निराळा होतो, आणि तो दशावताराने आपल्या पद्धतीने सोडवला. दक्षिण कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या खेळाला संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे ते ठरते, कंपनीतला जाणता माणूस प्रसंगांचा क्रम सांगतो, सोंगे वाटली जातात, आणि पुढची सारी वाक्ये नटांनी रंगणातच शोधायची. नटाजवळ भांडवल असते ते पुराणांच्या पाठांतराचे आणि हजरजबाबीपणाचे. समोरचा नट नारद होऊन अवघड प्रश्न टाकील तर त्याला रावणाने रावणाला शोभेल असेच उत्तर द्यायचे, आणि कथा मात्र ठरल्या मुक्कामाला पोचवायची. घाटावर तमाशाच्या बतावणीतही हेच. आराखडा पक्का, वाक्ये मोकळी. हा आराखडा आणि ही मोकळीक आपण लक्षात ठेवू. पुढे एका निराळ्याच खंडात त्यांची पुन्हा भेट होणार आहे.

आता १८४३ सालच्या सांगलीत थांबणे भाग आहे. आदल्या वर्षी कानडी भागवत मंडळींचे खेळ तिथे झाले होते. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पदरच्या विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करून दाखवण्याची आज्ञा केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले, आणि तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. उत्सवाच्या भाषणांत सांगितले जात नाही ते असे, की त्या नाटकात नटांना पाठ करायला संवाद नव्हते. भाव्यांनी रचली ती पदे. सूत्रधार आपल्या साथीदारांसह ती गात असे. कोण आला, कोणत्या भावनेने आला, आता काय घडणार हे सारे त्या पदांत. पद संपले की पात्र पुढे येऊन त्याच आशयाचे गद्य भाषण स्वतःच्या बुद्धीने करी. सूत्रधार रंगमंचावरून हलतच नसे. विदूषक मधूनमधून त्याच्याशी हुज्जत घाली, गणपती आणि सरस्वती येऊन आशीर्वाद देऊन जात, आणि राक्षस आरोळ्या ठोकत शिरत. त्या आरोळ्यांवरूनच पुढच्या पिढीच्या टीकाकारांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ असे नाव ठेवले. गंमत अशी की हेच भावे लाकडी बाहुल्याही घडवत होते. त्या बाहुल्या शतकाहून अधिक काळानंतर रामदास पाध्ये यांच्या हाती येऊन पुन्हा नाचल्या. दुसऱ्याच्या आवाजावर हलणारे पात्र कसे असते याचा अभ्यास भाव्यांइतका कोणी केला नसावा.

ही व्यवस्था फार टिकली नाही. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले, त्यात संवाद लिहून ठेवलेले होते. विदूषकाला मात्र त्यांनी काढले नाही. तो प्रसंगाच्या बाजूला उभा राहून शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या जोशाचे वाभाडे काढतो, प्रेक्षकाला दाखवून देतो. मराठीतला हा पहिला खवचट निवेदक म्हणायला हरकत नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ छापून आले आणि ‘बुकिश’ नाटकांचा काळ सुरू झाला. नाटक आता पुस्तकात मावू लागले. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात झाले तेव्हा सूत्रधार नांदीपुरता उरला होता. नांदी झाली, नटीशी दोन शब्द झाले, की त्याने विंगेत जायचे. पात्रे स्वतः गाऊ लागली, स्वतःच बोलू लागली, पण लिहून दिलेलेच. मराठी रंगभूमीने यात पुष्कळ कमावले, हे खरेच आहे. देवल, खाडिलकर, गडकरी यांची भाषा आयत्या वेळी सुचणारी नव्हे. तरी काहीतरी सुटले, आणि जे सुटले ते दशावतार-तमाशात तगून राहिले.

इथून आपण एकदम प्रशियात जाऊ. पेशवाई बुडून सहाच वर्षे झाली होती. १८२४ साली गेओर्ग हाइन्रिख फॉन राइसवित्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने वडिलांनी आधी रचलेल्या एका युद्धखेळाचे नियम सुधारून लष्कराला सादर केले. नकाशावर सोंगट्या, हाती फासे. पण त्या खेळाचे मर्म तिसऱ्या माणसात होते. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाला देत आणि पंच त्यांना फक्त तेवढेच सांगे, जेवढे त्यांच्या सैन्याला त्या जागेवरून दिसले असते. टेकडीपलीकडे शत्रू असेल, पण टेकडी चढेपर्यंत तो तुमच्यासाठी नाहीच. खेळणाऱ्याचे डोळे आणि कान दुसऱ्या माणसाच्या जिभेवर अवलंबून ठेवण्याची ही कल्पना आजच्या साऱ्या निवेदनाच्या मुळाशी आहे. पुढे नियमांचे जाडजूड चोपडे झाले, खेळ रटाळ झाला, आणि १८७६ साली फेर्डी द्यू वेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सुचवले की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने आपल्या अक्कलहुशारीने निकाल द्यावा. आपल्याकडे नाटक बुकिश होत असताना तिकडे युद्धखेळ बुकिशपणातून सुटू पाहत होता.

१९६९ साली अमेरिकेतल्या मिनिसोटात डेव्हिड वेझली याने एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. सैन्ये यायची होती; त्याआधी हौसेखातर त्याने काही खेळाडूंना गावातली माणसे वाटून दिली. ती माणसे एकेक करून त्याच्याजवळ येऊ लागली, कानात काही सांगू लागली, एकमेकांशी बोलून कट रचू लागली. लढाई राहिलीच बाजूला. वेझलीला वाटले की खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा तोच मागितला. त्यांच्यातला डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्सला भेटला आणि १९७४ साली त्या दोघांचे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने हजारभर प्रतींत बाहेर पडले. एक जण कथा सांगणार, बाकीचे सोंगे घेणार. सांगणारा आराखडा घरून आणतो. वाक्ये टेबलावर जन्मतात. सांगलीच्या दरबारात जे घडले त्याचा वास मिनिसोटाला लागला असण्याची शक्यता शून्य आहे, आणि मी इथे कोणतेही रक्ताचे नाते जोडत नाही. एकाच पेचातून दोन ठिकाणच्या माणसांनी एकच वाट काढली, इतकेच.

मग यंत्र आले, आणि पहिलीच अडचण ही की यंत्राला ऐकू येत नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम याने ‘एलायझा’ या कार्यक्रमातून दाखवले होते की टंकलेल्या वाक्यातला एखादा शब्द हेरून त्याच्याभोवती ठरलेले उत्तर रचले तरी माणूस फसतो. १९७५-७६ च्या सुमारास विल क्राउदर याने आपल्या मुलींसाठी एक गुहेचा खेळ लिहिला. तो स्वतः केंटकीतल्या भुयारांत उतरणारा माणूस, आणि फावल्या वेळात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारा. १९७७ साली स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. पडद्यावर चित्र नाही. यंत्र खेळणाऱ्याला ‘तू’ म्हणून तो कुठे उभा आहे ते सांगते आणि खेळणारा एक-दोन शब्दांत हुकूम टंकतो. ‘तू’चे हे निवेदन टेबलावरून थेट उचललेले होते. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकजालावर विद्यार्थी चोरून भूमिकाखेळ लिहीत होते. व्यवस्थापक ते पुसत, विद्यार्थी पुन्हा लिहीत. ज्यांना खेळणारे आज ‘आरपीजी’ म्हणतात त्यांची ही बाळंतखोली.

घरगुती संगणक आले तेव्हा अडचण जागेची झाली, आणि तिच्यातून जे निघाले ते मला या इतिहासातले सर्वांत मजेचे पान वाटते. १९७९ सालच्या ‘टेंपल ऑफ ॲपशाय’ या खेळात वर्णने यंत्रात मावत नव्हती, म्हणून खोल्यांची वर्णने छापील पुस्तिकेत दिली. पडद्यावर खोलीचा क्रमांक येई. खेळणाऱ्याने पुस्तिका उघडून वाचायचे. १९८८ च्या ‘वेस्टलँड’ आणि ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये ही पद्धत कळसाला पोचली. प्रसंग आला की यंत्र सांगे, अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. आता लबाड वाचक साऱ्या पुस्तिकेची पाने आधीच वाचून काढणार, हे लेखकांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी खेळात कधीच न येणारे खोटे परिच्छेद मधूनमधून पेरले. ‘वेस्टलँड’च्या पुस्तिकेत तर मंगळवासीयांच्या स्वारीची एक अख्खी बनावट गोष्ट आहे. पोथी समोर, यंत्र पान सांगते, आणि पोथीच वाचकाची फिरकी घेते. नाटक पुस्तकात गेले होते. इथे खेळाचा आवाज पुस्तकात जाऊन बसला.

दुसरी वाट रिचर्ड गॅरियटची. १९८५ सालच्या ‘अल्टिमा ४’मध्ये गावकऱ्यांशी बोलायचे तर शब्द टंकायचा: नाव, धंदा, प्रकृती. उत्तरात एखादा नवा शब्द येई, तो पकडून पुढे विचारायचे. यंत्र शब्दाची पहिली चारच अक्षरे पाही. खेळणारे वही घेऊन बसत आणि कोण काय बोलले ते लिहून ठेवत. इथे प्रश्न विचारणे हेच कौशल्य होते, कारण काय विचारायचे ते पडद्यावर लिहिलेले नव्हते. जपानात युजी होरीने हे अमेरिकन खेळ पाहिले आणि १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. त्याच्या नायकाला त्याने बोलूच दिले नाही. नायक गप्प, म्हणजे ती जागा खेळणाऱ्याची. त्या खेळाच्या काडतुसात काताकाना लिपीची सगळी अक्षरेही मावली नाहीत, तेव्हा जी होती तेवढ्यांत बसणारे शब्द वापरून काम भागवले. अक्षरांच्या टंचाईत लिहिणारा माणूस भाषा किती जपून खर्च करतो, ते कोरीव लेख वाचणाऱ्यांना सांगायला नको.

टंकण्याचा कंटाळा, शुद्धलेखनाच्या चुका आणि हाती आलेला माउस यांनी मिळून पुढचे वळण घडवले. उत्तरे आता यंत्रच यादी करून दाखवू लागले. खेळणाऱ्याने त्यांतले एक निवडायचे. एका उत्तराला चार फाटे, प्रत्येक फाट्याला आणखी चार. खेळ करणारे याला ‘डायलॉग ट्री’ म्हणतात. फाट्यांच्या कथा छापील पुस्तकांतही होत्याच. १९७९ पासून मुलांसाठी अशी पुस्तके अमेरिकेत खपत होती. आपल्याकडची वेताळपंचविशी त्यांच्या फार आधीची. तिथे विक्रमापुढे दोनच फाटे: उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले, बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. दोन्हीकडून तोटा असा पेच आजच्या लेखकांनाही सहसा साधत नाही. आणि १९९० सालच्या ‘मंकी आयलंड’ची नोंद इथेच करायला हवी, जरी तो काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नाही. त्यातली तलवारबाजी हाताच्या चपळाईने जिंकता येत नाही. प्रतिस्पर्धी टोमणा मारतो, त्याला अचूक प्रतिटोमणा निवडला तर तुमची सरशी. नवे टोमणे हरत हरत शिकायचे. कलगी-तुऱ्याच्या फडात सवाल-जवाब ऐकलेल्या कोणाही माणसाला हे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत.

यादीचे हे तंत्र १९९७ च्या ‘फॉलआउट’ने बुद्धिमान केले. तुमचे पात्र मंदबुद्धी घडवले असेल तर यादीतली वाक्येही तुटकीफुटकी येतात आणि गावकरी त्याच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. पात्राचा स्वभाव बोलण्याच्या आधी ठरतो आणि बोलणे त्याच्यातून येते, हा दशावताराचा नियम यंत्राला प्रथम उमगला तो इथे. मग १९९९ च्या डिसेंबरात ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ आला. क्रिस ॲव्हेलोन हा त्याचा प्रमुख रचनाकार. त्यात सुमारे ८ लाख शब्द होते असे सांगतात, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन जाड कादंबऱ्यांचा ऐवज. पण नवलाई आकड्यात नव्हती. संवादाच्या चौकटीत नुसते बोलणे न लिहिता लेखकांनी समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेषा, त्याने आवंढा कसा गिळला, खोलीतला वास, तुमच्या मनात चाळवलेली आठवण, हे सारे गद्यात लिहिले. एकच वाक्य यादीत दोनदा येई: एकदा खरे म्हणून, एकदा खोटे म्हणून. बोलणाऱ्याचा हेतूही निवडायचा! पडद्यावरच्या बोटभर आकृत्यांना जे दाखवता येत नव्हते ते गद्याने दाखवले. विंगेत गेलेला सूत्रधार इथे लेखणी घेऊन परत आला, एवढेच की तो गात नव्हता.

तो फार काळ राहिला नाही. आकृत्या मोठ्या झाल्या, त्यांना चेहरे आले, चेहऱ्यांना अभिनेत्यांचे आवाज आले. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये नायकाचे प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित होते आणि खेळणाऱ्यापुढे यादीऐवजी एक चक्र: प्रत्येक आऱ्यावर दोन-चार शब्दांचा गोषवारा. गोषवारा निवडायचा, नायक काय बोलेल ते मग ऐकायचे. पुष्कळांना ते सिनेमासारखे वाटून आवडले. मला विचाराल तर बोलण्याची ही सर्वांत चैनीची आणि सर्वांत कंजूष पद्धत. वाक्य ध्वनिमुद्रित करायला पैसे पडतात, म्हणून वाक्ये कमी. वाक्ये कमी, म्हणून फाटे कमी. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’मध्ये प्रत्येक प्रसंगी चारच पर्याय होते, कारण हातातल्या यंत्राला बटणे चार. खेळणारे इतके वैतागले की कोणी हौशी मंडळींनी गोषवाऱ्याच्या जागी पूर्ण वाक्य दाखवणारी दुरुस्ती स्वतःच बनवून वाटली. ‘फॉलआउट’ हेच नाव, मधली वर्षे १८, आणि बोलणे आखडलेले.

सूत्रधार परतला तो लहान मंडळींच्या हातून. २०११ साली सुपरजायंट या छोट्या चमूने ‘बॅस्टियन’ काढला. एक म्हातारा, घोगऱ्या आवाजाचा निवेदक खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीवर बोलतो: तुम्ही कडेवरून पडलात तर त्यावर, विनाकारण मडकी फोडत बसलात तर त्यावरही. खेळ त्याच्यासाठी थांबत नाही, तो खेळाबरोबर चालतो. धवलारणीच्या कामाची याहून जवळची नक्कल यंत्राने केलेली मला माहीत नाही. २०१९ साली एस्टोनियात मुळे असलेल्या मंडळींचा ‘डिस्को एलिझियम’ आला. रॉबर्ट कुर्वित्झ हा त्याचा मुख्य लेखक; त्याच्या मित्रमंडळाच्या टेबलावरच्या खेळातून ते जग घडले होते. त्यात नायकाच्या डोक्यातली २४ कौशल्ये स्वतंत्रपणे बोलतात. तर्क एक सांगतो, भीती दुसरे, घमेंड तिसरे. प्रत्येकाला वाटते आपणच सूत्रधार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ आला आणि टेबलावरचा निवेदक खर्चिक सिनेमातही बसू शकतो, हे बेल्जियमच्या लॅरियन या संस्थेने दाखवले.

या लांबच्या वाटेवर महाराष्ट्राची नोंद एकच, पण लक्षात राहण्याजोगी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने २०२० साली ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध केला. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला. हा मुळात मारामारीचा, धावपळीचा खेळ. संवाद निवडायचे नाहीत. पण निवेदन पाहा. गोलू या हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या राजीकडे वरून दोघे पाहत असतात, विष्णू आणि दुर्गा, आणि कथा आपल्याला कळते ती त्या दोघांच्या आपसातल्या बोलण्यातून. एक साशंक, एक भरवसा ठेवणारी. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून येतात. सांगणारा एकटा न ठेवता जोडी ठेवली की निवेदनाचाच संवाद होतो. धृतराष्ट्र-संजयाची युक्ती, आणि शिव-पार्वतीच्या संवादातून सांगितलेल्या आपल्या असंख्य व्रतकथांचीही. खेळ बोलला तो प्रथम इंग्रजीत. पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. दुकानाच्या यादीत मराठी आवाज कुठल्याच मोठ्या भूमिकाखेळाला मी अजून पाहिलेला नाही. मराठी शाळेतून आलेली पुष्कळ मुले परक्या भाषेतले संवाद बटण दाबून पुढे ढकलतात आणि नकाशावरच्या खुणेवरून कथा समजून घेतात. ८ लाख शब्दांचे त्यांना काय!

दरम्यान यंत्राला ऐकू येऊ लागले आहे. २०१९ च्या डिसेंबरात निक वॉल्टन या अमेरिकन विद्यार्थ्याने भाषा-प्रारूपावर चालणारा ‘एआय डंजन’ खुला केला. काहीही टंका, यंत्र त्याच क्षणी पुढची कथा रचते. झाड नाही, फाटे नाहीत, यादी नाही. अनेकांना वाटले, टेबलावरचा निवेदक सापडला. पण थोडा वेळ खेळले की ध्यानात येई की या निवेदकाला ‘नाही’ म्हणता येत नाही. तुम्ही म्हणालात दारामागे हत्ती आहे, तर आहे. मघाशी मेलेला राजा पुन्हा दरबारात बसलेला. दशावतारी नटाला वाक्ये मोकळी असली तरी आख्यान बांधलेले असते, आणि समोरचा नट चुकीच्या दिशेला ओढू लागला तर त्याला पदात पकडून परत आणणारा हार्मोनियमवाला बाजूला बसलेला असतो. राइसवित्झच्या पंचालाही टेकडीपलीकडे काय आहे ते आधी ठाऊक असे. यंत्रांची स्मरणशक्ती तेव्हापासून पुष्कळ वाढली आहे, आणि मोठे खेळ करणारे या तंत्राचे प्रयोग दाखवत आहेत. ती पात्रे तासन्तास बोलतात, पण ऐकत राहावे असे अजून थोडकेच बोलतात.

मोकळ्या संवादाचा खरा फड भरतो तो भलत्याच ठिकाणी. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या २०१३ सालच्या खेळात उत्तरे निवडायची सोयच नाही. गाड्या पळवायच्या आणि गोळ्या झाडायच्या. पण ‘फाइव्हएम’ नावाच्या, हौशी मंडळींनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमुळे लोक त्याच शहरात आपापली सोंगे घेऊन राहू लागले. २०२३ साली मूळ कंपनीने या मंडळींनाच आपल्यात घेतले. भारतातही असे सर्व्हर चालतात, बहुतेक हिंदीत. पोलीस कोण, चोर कोण, दवाखान्यात डॉक्टर कोण हे वाटलेले असते, प्रसंगाचा आराखडा कधी कधी आधी ठरतो, आणि वाक्ये ज्याची त्याने शोधायची. नियम कडक आहेत. आपल्या पात्राला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असले तरी वापरायचे नाही. वेझलीच्या गावकऱ्यांनाही याहून निराळे काही सांगावे लागले नसते. चांगला सोंगाड्या असेल तर हजारो लोक नुसते त्याचे बोलणे ऐकायला जमतात. रागाच्या भरात एखाद्याच्या तोंडून मराठी निसटली तर कोणी हरकत घेत नाही. सोंग निसटले, पोलिसाच्या पोशाखात उभे राहून कोणी आपल्या इमारतीतली वीज गेल्याची तक्रार करू लागला, तर मात्र ताकीद मिळते, आणि पुन्हा तेच झाले तर शहराबाहेर काढतात.